गेटसमोरचा रस्ता आणि स्वारगेट

स्मरणिकेसाठी परिसराचा इतिहास लिहून द्या, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी आधी विचारून घेतले, की इतिहास म्हणजे कुठपासूनचा? उत्तर मिळाले, "काका, तुम्हीच ठरवा, फक्त पाच पानांच्या वर नको." गणेशोत्सवावर पाटीलबाई लिहिणार आहेत, पाण्याच्या टाकीचे महाभारत माजी खजिनदार लिहिणार आहेत. माझ्या वाट्याला गेटच्या बाहेरचा भाग आला. तोच मला हवा होता. आपण सगळे फ्लॅटच्या आत कितीही फरशा बदलल्या तरी दिवसातून दोनदा त्या गेटमधून बाहेर पडतोच, आणि बाहेर पडल्यावर जे पायाखाली येते ते कोणी ठरवले, कोणी तपासले आणि बिल कोणी पास केले, हा इतिहास कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

मी बँकेत ३४ वर्षे काढली. व्हाउचर बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ही तिथली पहिली शिकवण. ही सवय माणसाला घरात अप्रिय करते, सोसायटीत त्याहून जास्त. पण पुढचे सगळे त्याच सवयीतून आलेले आहे, म्हणून आधीच सांगून टाकले.

सार्वजनिक पैशाला प्रश्न विचारण्याची परंपरा पुण्यात जुनी आहे, आणि तिची सुरुवात मला तरी महात्मा फुल्यांपासून करावीशी वाटते. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारने नेमलेले सदस्य, म्हणजे मान डोलवावी अशीच अपेक्षा. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपयांचा खर्च मंजुरीला आला, तेव्हा जोतीरावांनी विरोधात मत दिले. हा पैसा मुलांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. ते एकटे पडले आणि ठराव अर्थातच मंजूर झाला. मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा असाच विरोध होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव दिले गेले. विरोध करणाऱ्याचे नाव इमारतीला देऊन त्याचा प्रश्न मिटवण्याची आपली पद्धत चांगलीच जुनी आहे म्हणायची.

आता बसकडे येतो. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, हे बहुतेकांना ठाऊक असते. शहरातल्या बसचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. महापालिका होण्याआधी पुण्यात खासगी कंपनी बस चालवत असे आणि तिचे नाव होते सिल्व्हर ज्युबिली मोटर्स! आपल्या रौप्यमहोत्सवी अंकाला शोभेल असा योगायोग आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो. १९५० साली पुणे महापालिका झाली आणि त्याच वर्षी ही बससेवा तिने ताब्यात घेतली. तीच आपली पीएमटी.

पीएमटी महापालिकेची होती, याचा अर्थ केवळ गाड्यांवर नाव होते एवढाच नव्हता. कायद्याने तिच्यासाठी परिवहन समिती होती, तिचे सदस्य महापालिकेच्या सभागृहातून निवडले जायचे. तिकिटाचा दर, नवा मार्ग, थांब्याची जागा, हे विषय समितीपुढे यायचे. एखाद्या पेठेतला थांबा हलवला तर दुसऱ्या दिवशी त्या पेठेचा नगरसेवक समितीच्या दारात उभा असायचा. हे सारे फार आदर्श चालत होते असे मी म्हणत नाही. गाड्या धूर सोडायच्या, दारात लोंबकळून आम्ही कॉलेजला जायचो. पण विचारायचे कोणाला, हे माहीत होते.

रस्त्यांसाठी स्थायी समिती. १६ सदस्य, आणि महापालिकेच्या मोठ्या खर्चाची किल्ली त्यांच्याकडे. या समितीच्या इतिहासातली एक गोष्ट प्रत्येक पुणेकराने ऐकलेली असते आणि प्रत्येक जण ती थोडी वाढवून सांगतो. जंगली महाराज रस्त्याची. १९७० च्या दशकात पावसाने शहरातल्या रस्त्यांची चाळण झाली होती. तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष होते श्रीकांत शिरोळे. मुंबईच्या रेकॉन्डो नावाच्या कंपनीला जंगली महाराज रस्त्याचे काम देण्यात आले आणि तिने १० वर्षांची हमी दिली. पुढे किती पावसाळे गेले तरी त्या रस्त्याला खड्डा पडला नाही, म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्या कंपनीला मग शहरात दुसरे काम मिळालेच नाही, असेही लोक हसत हसत सांगतात.

गोष्ट सांगणारे नेहमी डांबर चांगले होते, कारागीर प्रामाणिक होते, इकडे वळतात. मला बँकेतल्या माणसाला त्यातली हमी महत्त्वाची वाटते. १० वर्षे. काम देणाऱ्या अध्यक्षाचे नाव लोकांना माहीत होते, काम करणाऱ्याचे नाव माहीत होते आणि बिघडले तर कोणत्या तारखेपर्यंत कोणाला बोलवायचे हेही माहीत होते. आज आपल्या दारातला रस्ता कोणी केला, हे तुमच्यापैकी किती जण सांगू शकतील?

आपली सोसायटी १९९९ मध्ये नोंदली गेली. आम्ही राहायला आलो तेव्हा सातारा रस्त्याला लागूनची ही गल्ली मातीची होती. स्वारगेट बसने दहा मिनिटांवर, रस्ता मोकळा असेल तर. तेव्हा तो असायचा. आमच्या मुलीची शाळा, सौ.चे माहेर सातारचे, माझी बँक लक्ष्मी रस्त्यावर, म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा रस्ता स्वारगेटवरून जात असे. तिथे एका बाजूला एसटीचे स्थानक आणि वेगळ्या आवारात पीएमटीचे. साताऱ्याहून सासूबाई यायच्या तेव्हा एसटीतून उतरवून, पिशव्या दोन्ही हातांत घेऊन, गाड्यांच्या मधून वाट काढत त्यांना शहर बसपर्यंत न्यायचे, हे काम माझ्याकडे असे. सासूबाई एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "अहो, ही दोन स्टँडं एकाच सरकारची ना?" मी हो म्हणालो. ते उत्तर चूक होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

एसटी स्थानकाची जागा एसटी महामंडळाची, म्हणजे राज्याची. पीएमटीची जागा महापालिकेची. मधला रस्ता महापालिकेचा. पुढे जेधे चौकात उड्डाणपूल आला तो राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला. मेट्रोचे भुयारी स्थानक आणि वरचे संकुल महामेट्रोचे. वाहतूक नियमन पोलिसांचे. एवढ्या सगळ्यांच्या हद्दी सासूबाई दोन पिशव्या घेऊन पाच मिनिटांत ओलांडत होत्या. प्रत्येक संस्थेने आपापला नकाशा नीट काढलेला असेल, मला शंका नाही. पण एसटीच्या पायरीपासून शहर बसच्या पायरीपर्यंतचे अंतर कोणाच्याच नकाशात नव्हते, कारण ते कोणाच्याच मालकीचे नव्हते.

२००५ च्या डिसेंबरात केंद्राची जवाहरलाल नेहरू शहरी पुनर्निर्माण योजना आली आणि बरोबर एक वर्षाने, डिसेंबर २००६ मध्ये, आपल्या दारात देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. कात्रज ते स्वारगेट ते हडपसर. बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका. कल्पना उत्तम होती, आजही मी तेच म्हणेन. एका बसमध्ये साठ माणसे असतात आणि एका मोटारीत एक, तर रस्ता आधी कोणाला मिळावा हे बँकेच्या हिशेबातही बसते. पण थांबा रस्त्याच्या मधोमध गेला आणि तिथवर पोहोचायचे कसे, याचा विचार मागाहून व्हायला लागला. आपल्या बी विंगमधल्या आजींना आठवत असेल. त्या देवळात जायला निघाल्या होत्या, बसच्या मार्गिकेत घुसलेल्या एका दुचाकीने उडवले आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर आजी बसने कधीच गेल्या नाहीत. आपल्या सोसायटीतल्या कितीतरी ज्येष्ठांनी त्या वर्षी बस सोडली आणि रिक्षा धरली. त्यांची कुठे नोंद नाही.

या योजनेत पैसा कसा होता ते बघा. आपल्याएवढ्या शहरासाठी केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३०. मोठा वाटा दिल्लीचा, म्हणून अहवाल दिल्लीला. तीस टक्के देणाऱ्या सभागृहात चर्चा होत होत्या, पण माझ्या मते त्यांचा सूर "आलेला पैसा परत जायला नको" असा जास्त होता. परत जाणाऱ्या पैशाच्या भीतीने आपण काय काय बांधून घेतले, यावर कोणीतरी खरोखर पुस्तक लिहावे. पुढे दहा-बारा वर्षांनी हाच सातारा रस्ता पुन्हा उकरला, थांबे नव्याने बांधले, पदपथ रुंद केले. म्हणजे एकाच कामाचा दुसरा खर्च.

२००७ मध्ये आणखी एक बदल झाला, तो गाजावाजा न होता झाला. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. दोन शहरांत प्रवास करणाऱ्याला ही सोय हवीच होती. पण परिवहन समिती गेली आणि तिच्या जागी संचालक मंडळ आले. मंडळावर दोन्ही महापौर असतात, दोन्ही आयुक्त असतात, स्थायी समित्यांचे अध्यक्ष असतात, म्हणजे लोकप्रतिनिधी नाहीत असे नाही. तरी समितीची बैठक आणि कंपनीची बैठक यांत फरक पडतोच. आपला थांबा २०० फूट पुढे गेला तेव्हा नगरसेवकांकडे गेलो. ते चहा देऊन म्हणाले, "आता ते कंपनीकडे आहे हो." त्यात त्यांचा दोष नव्हता.

आता गल्लीची गोष्ट. ही लिहायला मला थोडे अवघड जाते, कारण तिच्यात पहिली चूक माझी आहे.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, आपल्या प्रभागात कोणते छोटे काम हवे ते लिहून द्यायचे. बाक, पदपथ, दिवे, गल्लीचा रस्ता. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. २०१२ मध्ये मोठ्या उत्साहाने फॉर्म भरला. "गेटसमोरील रस्ता काँक्रीट करून मिळावा." सही, शिक्का, पोच. पुढच्या वर्षी काम मंजूर झाले तेव्हा सर्वसाधारण सभेत माझे टाळ्या वाजवून अभिनंदन झाले होते, ते इतिवृत्तात आहे.

रस्ता झाला. छान, गुळगुळीत, पांढरा. पहिल्या पावसात पार्किंगमध्ये घोट्याइतके पाणी. नवा रस्ता जुन्या डांबरावरच ओतला होता, त्यामुळे तो आपल्या आवारापेक्षा नऊ इंच वर गेला आणि गल्लीचा सगळा उतार आपल्या गेटमध्ये उतरला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी पुढच्या सभेत काय केले, तेही इतिवृत्तात आहे. मी फॉर्मवर काँक्रीट मागितले होते. पातळी काय असावी, पाणी कुठे जावे, हे लिहिले नव्हते. मला सुचलेच नाही.

त्या काळात महापालिकेत एक चांगली सोय होती. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कोणीही जाऊन फायली बघू शकत असे, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. (पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून हीच पद्धत राज्यभर लागू केली, ही आपल्या शहराची अभिमानाची गोष्ट.) मी तीन सोमवार गेलो. पहिल्या सोमवारी फाईल टेबलावर नव्हती. दुसऱ्या सोमवारी साहेब नव्हते. तिसऱ्या सोमवारी फाईलही होती आणि साहेबही, आणि एक तरुण कनिष्ठ अभियंता होता, त्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, आधी पूर्वगणनपत्रक बघा, मग मोजमाप पुस्तक."

हे दोन कागद प्रत्येक सभासदाला माहीत असावेत म्हणून सांगतो. पूर्वगणनपत्रक म्हणजे काय काय करायचे आणि त्याला किती खर्च येईल याचा आधी केलेला अंदाज. मोजमाप पुस्तक म्हणजे प्रत्यक्षात जागेवर किती काम झाले त्याची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली वही. तिच्यावर बिल निघते. पहिल्या कागदात जुना थर खोदून काढायचे काम होते. दुसऱ्यातही तशी नोंद होती. जागेवर मात्र कोणी कुदळ मारलेली आम्ही पाहिली नव्हती, आणि आपल्या वॉचमनने तर चार दिवस तिथेच बसून काम पाहिले होते. ठेकेदाराचे नाव किंवा मोजमाप घेणाऱ्याचे नाव मी इथे छापत नाही. तो माझा उद्देश नाही.

त्या फाईलच्या शेवटी मला जंगली महाराज रस्ता सापडला. म्हणजे हमी. हल्लीच्या भाषेत दोषदायित्व कालावधी. कामात दोष निघाला तर ठरलेल्या मुदतीत ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे आणि तोपर्यंत त्याची अनामत अडकून राहते. आपल्या गल्लीची मुदत संपायला तेव्हा पाच महिने बाकी होते. मी घरी येऊन पत्र लिहिले, दोन फोटो जोडले, एक पार्किंगचा आणि एक फूटपट्टी लावून नऊ इंचांचा. सौ. म्हणाली, "फूटपट्टी माझ्या शिवणाची आहे, परत आणा." ती अजून त्या फाईलमध्ये आहे.

निकाल अर्धाच लागला. रस्ता उकरून खाली घेतला नाही. पण गेटच्या कडेने पावसाळी गटार काढून ते मुख्य वाहिनीला जोडून दिले, मुदत संपायला तीन आठवडे असताना. गेटवरचा तो उंचवटा, ज्यावर प्रत्येकाची स्कूटर आपटते आणि ज्यावरून मुले सायकल उडवतात, तो आपण त्या वेळी आपल्या खर्चाने बांधला. नवीन राहायला आलेले सभासद विचारतात की हा कोणी केला. तर तो मी केला. कारणासकट सांगितले.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र जुन्या सभासदांना सांगायला नको. आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रज, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसे गेली. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजला तलाव बांधून शहराला नळाने पाणी आणले आणि शहरातून वाहणाऱ्या याच ओढ्याचा प्रवाह वळवला, हे शाळेत शिकलो होतो. ओढा किती रुंद असतो हे त्या रात्री शिकलो. आपल्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होते. ते मीटर रूमच्या पायरीपर्यंत आले आणि तिथे थांबले. त्या गटारामुळे थांबले, असा दावा मी करणार नाही, एवढ्या मोठ्या पाण्यापुढे नऊ इंचांचे गटार ते काय. पण पाणी सकाळी सहापर्यंत उतरले आणि मीटर रूम कोरडी राहिली. शेजारच्या गल्लीत चार दिवस वीज नव्हती.

त्याच वर्षाच्या अखेरीला शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवले. तात्पुरते, असे सांगितले होते. मेट्रो धावू लागली, स्थानक अजून वाकडेवाडीलाच आहे. नाशिकला मुलीकडे जाताना आम्ही तिथूनच बस धरतो. जागा एकाची, काम दुसऱ्याचे आणि वाट बघणारे तिसरे. सासूबाई असत्या तर त्यांनी तोच प्रश्न विचारला असता.

१४ मार्च २०२२ रोजी महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही, प्रशासक आले. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे पूर्वी आयुक्त प्रस्ताव मांडायचे आणि १६ जणांची स्थायी समिती प्रश्न विचारून तो मंजूर करायची किंवा अडवायची. प्रशासकांच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. बँकेत याला आम्ही चालू देत नसू. चेक बनवणारा आणि चेकवर सही करणारा वेगळा हवा, मग दोघेही कितीही सज्जन असोत. नगरसेवकांबद्दल आपण वर्षानुवर्षे खूप बोललो, मीही बोललो, आणि बरेचसे खरे होते. पण त्या काळात गल्लीतला दिवा गेला तर फोन कोणाला करायचा, यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाळीस मेसेज पडायचे आणि उत्तर यायचे नाही.

२९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सौ.ला घेऊन गेलो. सरकता जिना, थंड हवा, चकचकीत फरशी. वर आल्यावर एसटी स्थानकाकडे जायला निघालो आणि मी सवयीने तिच्या हातातली पिशवी घेतली.

गल्लीच्या फाईलच्या सर्व प्रती, त्या तीन सोमवारांच्या पोचपावत्या, २०१२ चा माझा तो अर्धवट फॉर्म आणि फूटपट्टी सोसायटी ऑफिसच्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात, निळ्या फाईलमध्ये ठेवली आहे. किल्ली व्यवस्थापकांकडे असते. यंदाच्या अंदाजपत्रकासाठी मागच्या बाजूच्या पदपथाचा फॉर्म भरायचा विचार कार्यकारिणीत चालू आहे, असे ऐकतो. भरणाऱ्याने आधी पावसात एकदा तिथे जाऊन उभे राहावे आणि पाणी कुठे जाते ते बघून फॉर्मवर तसे लिहावे. फूटपट्टी मात्र काम झाल्यावर परत द्यावी, घरून विचारणा होते.